कबुतरबाजाची साक्ष

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही दवाखान्यातल्या डॉक्टरणीने दिली. रोज सकाळी यंत्रावर रक्तदाब मोजायचा आणि इथे लिहायचा, असं तिने मला तीनदा समजावलं. आजचा दाब १६२ आणि ९८. एवढं लिहिलं की बाकीचं पान कोरं राहतं आणि कोरं पान मला बघवत नाही. म्हणून खाली लिहितो आहे. सहावीत शाळा सुटली, त्यानंतर माझ्या बसच्या काचेवरच्या पाट्यांखेरीज मी फारसं काही लिहिलेलं नाही. चुकेल ते चुकेल.

आज तिसरा दिवस. उम्म नायेफ रुसून सल्तला भावाकडे जाऊन बसली आहे. उम्म नायेफ म्हणजे नायेफची आई, आमच्या घरचं माणूस.

कारण काय, ते मला कळलेलं नाही. जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे कुणी उद्या मला दोष देऊ नये. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती अकरा दिवस इर्बिदला मुलीकडे होती. शनिवारी दुपारी डोळ्यावर पट्टी घेऊन परत आली. दार मीच उघडलं. पिशवीही मीच आत घेतली. मग विचारलं, "ढाबळीची किल्ली कुठे ठेवली होतीस? अकरा दिवस शोधतोय. शेवटी कुलूप तोडावं लागलं." यात वावगं काय आहे? कबुतरं उपाशी ठेवायची का?

संध्याकाळी ती गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. त्याच वेळी माझी शक्रा परत आली. शक्रा म्हणजे पिवळसर छातीची मादी. दोन दिवस बेपत्ता होती. मी समजलो, पलीकडच्या टेकडीवरच्या कुणा कबुतरबाजाने धरली. ती येऊन पाण्याच्या टाकीवर बसली. तिला छातीशी धरून माणूस जे बोलतो तेच मी बोललो. "कुठे होतीस गं माझ्या काळजा? दोन दिवस अन्न गोड लागलं नाही मला. तुझ्यावाचून गच्ची नुसती खायला उठली होती." उम्म नायेफ कपड्यांचा ढीग हातात घेऊन उभी होती. मग खाली गेली. मला वाटलं, चहा करायला गेली. चहा आला नाही. सकाळी उठलो तर ती नव्हती.

दुपारी तिच्या भावाचा, अबू तैसीरचा फोन आला. तो चाळीस वर्षं काझीच्या कोर्टात कारकून होता. अजूनही निकाल वाचून दाखवल्यासारखा बोलतो. "तुझ्या घरचं माणूस आमच्याकडे रुसून आलेलं आहे. नोंद घ्यावी."

मी विचार केला. मी गॅसची टाकी बदलायला विसरलो होतो. तिच्या कुंडीतला पुदिना वाळला होता. यातलं एक काहीतरी असणार. बहुतेक पुदिना.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दाब १६५. मुलीचा, इफ्तिखारचा फोन.

"बाबा, तिला सांगा की तिच्यावाचून तुम्हाला करमत नाही."

"हे काय सांगायचं? चव्वेचाळीस वर्षं एका ताटात जेवतोय आम्ही."

"म्हणजे चव्वेचाळीस वर्षं उशीर झालाय. आता तरी बोला. रमजान तोंडावर आला. पहिला रोजा एकट्याने सोडणार आहात का?"

हे तिने बोलायला नको होतं. आमच्याकडे पहिल्या रोज्याला ज्याच्या ताटासमोर कुणी नाही, त्याची कीव सगळी आळी करते. 

पण बोलायचं म्हणजे काय बोलायचं? या अम्मान शहरात गोड शब्दांचा नुसता चिखल झाला आहे. पोलिस पावती फाडतो आणि म्हणतो, "हबीबी, कागद दाखव." ज्याने मला कुजके टोमॅटो दिले त्याने मला "डोळ्यांच्या बाहुल्या" म्हटलं. परवा पाण्याच्या टँकरवाल्याने माझी भिंत पाडली आणि वर मला "माझ्या जिवा, जिवाला लावून घेऊ नकोस" म्हणाला. हे सगळं वापरून चोळामोळा झालेलं आपण घरात न्यायचं? माझ्या वडिलांनी आईला कधी एक शब्द असा बोलल्याचं मला आठवत नाही. आणि दोघं व्यवस्थित मेली.

शेवटी खाली मितवल्लीकडे गेलो. हा आमच्या इमारतीचा रखवालदार, मिसरचा, म्हणजे इजिप्तमधला, मिन्या गावचा. जिन्याखालच्या खोलीत राहतो. फोनवर आवाज भरून कसा पाठवायचा, ते त्याला येतं.

"तुमच्याकडे बायकोला काय म्हणतात, हाजी?" त्याने विचारलं.

"'ऐकलंस का' म्हणतात."

"आणि तिने ऐकलं की?"

"मग काम सांगतात."

तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "आमच्याकडे म्हणतात, तू गेलीस आणि माझं रान झालं. असं म्हणा. पण सावकाश म्हणा, गाडीचे थांबे ओरडल्यासारखं नको."

चार वेळा भरलं. एकदा मला खोकला आला. एकदा मध्येच गॅसवाल्याच्या गाडीचं संगीत वाजलं. चौथं पाठवलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अबू तैसीरचा फोन. "संदेश पोचला. ती विचारते, मितवल्लीचा गुडघा आता बरा आहे का?"

एवढंच. रान वगैरे काही नाही.

दर शुक्रवारी नमाजनंतर मितवल्ली अंगणात उभा राहून मिन्याला बायकोशी फोनवर बोलतो. सगळ्या इमारतीला ऐकू जातं. माझ्या दिव्या, माझ्या पहाटे, तुझ्याविना मी अनोळखी गावात आंधळा. तीन वर्षं झाली, घरी गेलेला नाही. सुटी मिळत नाही म्हणतो. बोलून झालं की जिन्याच्या पायऱ्या धुतो, कालच धुतलेल्या असल्या तरी. तासभर धुतो. शब्दांची अशी उधळपट्टी ज्यांच्या बायका दूर आहेत त्यांनाच जमते.

चहा दोन ग्लास केला. एका ग्लासाचं माप मला जमत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

दाब १६८. हवा बरी नाही. कबुतरं उडवली नाहीत, नुसता दाणा टाकला.

कोपऱ्यावर सीरियातल्या होम्सच्या अबू रातिबचं मिठाईचं दुकान आहे. तिळाची बिस्किटं उत्तम करतो. बारा वर्षांपूर्वी घरदार टाकून आला, पुढच्या महिन्यात परत जाणार असं तेव्हापासून सांगतो. त्याच्या कानावर सगळं गेलं होतं. मितवल्लीने घातलं असणार.

"मिसरी शब्द पाणचट असतात, शेजारी," तो म्हणाला. "आमच्याकडचं घ्या. 'तू मला पुरावंस.' म्हणजे तुझ्याआधी मी जावं, तुझ्याविना एक दिवस मला जगायला लागू नये. यावर शब्द नाही."

"हे तू मघाशी मीटरवाल्याला म्हणालास."

"त्याचंही भलं होवो."

"मी जिवंत आहे, अबू रातिब. मला पुरायचं बोलणं नको. दाब वाढतो."

"तुम्ही इथली माणसं माया अशी बाळगता, जशी नाक्यावर चोरटा माल. सापडली तर दंड होईल जणू."

या माणसाला ग्राहकांशी कसं बोलावं ते कळत नाही. तरी त्याच्यासमोर बसून ते भरलं आणि पाठवलं. निघताना अर्धा किलो तिळाची बिस्किटं घेतली, पाहुणे आले तर असावीत म्हणून. मला चालत नाहीत, तीळ दातांत अडकतात.

संध्याकाळी अबू तैसीर: "उत्तर असं आहे. पुरलं तिलाच, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, आणि वर ढाबळ बांधली. पुढे ती म्हणते, अबू रातिबला माझा सलाम."

दोन्ही वेळा तिने माणूस ओळखला. माझा आवाज मात्र तिला एकदाही ओळखू आला नाही, याचं मला वाईट वाटलं. तो तर त्यात सगळा माझाच होता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कडाक्याची थंडी. रॉकेलची शेगडी झोपायच्या खोलीत तिच्या बाजूला ठेवली. त्या भिंतीला ओल येते.

दुपारी बस अड्ड्यावर जुन्या ड्रायव्हरांना भेटायला गेलो. आयुष्यभर मी अम्मान-सल्त गाडी चालवली, तेव्हा ओळखी आहेत. चारची सल्तची गाडी रिकामी होईपर्यंत थांबलो. थंडीत मला लगेच परत चालवत नाही.

पुन्हा बिस्किटं घेतली. आधीची नरम पडली होती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

फोनच्या फंदात पडलो हेच चुकलं. रुसलेलं माणूस परत आणायची रीत आपल्याकडे घालून दिलेली आहे. चार वजनदार माणसं घेऊन जायचं. यजमान कॉफी ठेवतो. म्होरक्या म्हणतो, आमचं मागणं मान्य होईपर्यंत प्याल्याला हात लावणार नाही. मग यजमान म्हणतो, मान्य, आणि सगळे पितात. यात कुणाला 'करमत नाही' म्हणावं लागत नाही. आपल्या पूर्वजांना अक्कल होती.

अडचण माणसांची. सोमवारी येता का, असं औषधवाल्या डॉक्टरांना विचारलं तर त्यांना नेमकं सोमवारीच लग्न निघालं. शाळेचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "माझी साखर वाढलीय," जणू मी त्यांना मिठाई खायला नेणार होतो. मशिदीचे इमाम उमराला मक्केला गेलेत. बाकी आयुष्यात जोडलेली माणसं मोजली तर सगळी कबुतरबाज निघाली. हाजी खलफ म्होरक्या. तीनदा हज केलेला आहे, दाढी छातीपर्यंत आहे, लांबून न्यायाधीश वाटतो. त्याच्यासोबत त्याचे दोन मित्र, तेही कबुतरबाज. बोलण्यात गोडवा हवा म्हणून अबू रातिब. भेटीचे खोके उचलायला मितवल्ली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सगळं लिहितो. लिहिल्याशिवाय छातीवरचं ओझं उतरणार नाही.

अबू तैसीरचं घर सल्तच्या चढावर आहे. पिवळा दगड, उंच खिडक्या, खाली सगळी दरी. कॉफी आली. हाजी खलफने प्याला समोर तसाच ठेवला आणि सुरुवात फार छान केली. "अबू तैसीर, आम्ही तुमच्या दारात आलो आहोत ते एका मोडलेल्या मनासाठी. हा माणूस दिवसा उन्हात भाजतो, रात्री अंथरुणात तळमळतो. याच्या घरातला दिवा…"

आणि थांबला. मला वाटलं, गहिवरून आलं. मी मानही खाली घातली.

तो खिडकीबाहेर बघत होता. दरीवर एक थवा वळण घेत होता, तीसेक पाखरं, आणि त्यात एक लाल नर, नवखा, थव्यात बसत नव्हता. दर वळणाला बाहेर फेकला जात होता.

"हा कुणाचा?" हाजी खलफ म्हणाला.

"इथला नाही," त्याचा मित्र म्हणाला. "मान बघ. बगदादी आहे."

ते तिघं उठले. मी चौथा. हे मी कबूल करतो, पण लगेच नव्हे, जरा थांबून उठलो. गच्चीत हाजी खलफ डोक्यावरचा रुमाल काढून हवेत फिरवत होता आणि शीळ घालत होता. आम्ही सगळे वर बघत होतो. खरोखर सुंदर नर होता.

मग स्वयंपाकघराच्या दारामागून उम्म नायेफचा आवाज आला. "दादा, कॉफी उचल. पाहुणे उडाले."

आत आलो तेव्हा अबू रातिब आणि मितवल्ली दोघंच गादीवर बसलेले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेतल्या मुलांसारखे. अबू तैसीर म्हणाला, "कबुतरबाजाची साक्ष काझी का घेत नाही, असं मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो. दिवसभर गच्चीवर परक्याचं पाखरू आपलं म्हणून शपथा घेतो, त्याच्या तोंडचं काय धरायचं. पण आज डोळ्यांनी पाहिलं."

दारामागून ती म्हणाली, "अकरा दिवस डोळ्याला पट्टी बांधून पडले होते. इफ्तिखार विचारायची, बाबांचा फोन आला का. मी म्हणायचे, येईल. घरी आले तर किल्ली विचारली. आणि ती पिवळी दोन दिवस शेजारच्या नराबरोबर उंडारून आली, तिला काळीज म्हटलं. माझ्यासमोर."

म्हणजे पुदिना नव्हता.

मी म्हणालो, "अगं, ते पाखरू आहे."

"आणि मी?" ती म्हणाली.  परत येताना गाडीत हाजी खलफ म्हणाला की तो नर एव्हाना कुणीतरी उतरवला असेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दाब १७४. डॉक्टरणीला दाखवायचा नाही.

माझी बाजूही कुणी ऐकावी. पाखराला कळत नसतं, म्हणून त्याला सांगावं लागतं. नाही सांगितलं तर उद्या दुसऱ्याच्या गच्चीवर उतरेल. माणसाला कळतं. मी चाळीस वर्षं बस चालवली, बसवर 'ही बस आहे' अशी पाटी कधी लावली नाही. लोक चढायचे.

हे वाक्य मला फार पटलं. इफ्तिखारला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, लोक कुठे जाणार ते पाटीवरच वाचून चढायचे." आणि फोन ठेवला. शिकवलं ते चुकलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अबू तैसीरचा फोन. या वेळी त्याच्या आवाजात मजा होती.

"बहिणीची अट आहे. तू म्हणतोस तुला करमत नाही. पण तू कबुतरबाज, तुझा शब्द धरता येत नाही. तेव्हा दोन साक्षीदार आण. ढाबळीत पाय न टाकलेले. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं, ऐकीव नाही. मंगळवारी, दुपारच्या नमाजनंतर."

ही थट्टा आहे की अपमान, हे मला ठरवता येईना. मितवल्ली आणि अबू रातिब लगेच तयार झाले, जणू वरातीला बोलावलं. मला घोर लागला आहे. या दोघांनी काय पाहिलंय? पाहण्यासारखं मी काही केलेलंच नाही. मी नेहमीसारखा राहतो आहे. चहा पितो, अड्ड्यावर जातो, बिस्किटं आणतो. हे जाऊन काय सांगणार, कपाळ?

रमजान आठ दिवसांवर.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

अबू तैसीरने खरंच टेबल मांडलं होतं. वर वही, पेन, आणि डोळ्यांवर तो कोर्टातला चष्मा. स्वयंपाकघराचं दार बोटभर उघडं होतं. माझ्यासमोर कॉफीचा प्याला ठेवला होता. म्होरक्या आज मीच.

आधी मितवल्ली उभा राहिला.

"हे रोज अड्ड्यावर जातात," तो म्हणाला. "मी मागून जातो. दाब वाढलाय, उतारावर पडतील म्हणून. चारची सल्तची गाडी येते. एकेक माणूस उतरतं तसं हे बघतात. गाडी रिकामी झाली की ड्रायव्हरला विचारतात, आत कुणी राहिलं नाही ना."

"मी जुन्या ड्रायव्हरांना भेटायला जातो," मी म्हणालो.

"मध्ये बोलू नये," अबू तैसीर म्हणाला. "आणखी?"

"रोज गच्चीवर दोन ग्लास चहा नेतात. एक पितात. दुसरा गार झाला की पुदिन्याच्या कुंडीत ओततात. आणि तीन आठवडे एकदाही कबुतरं उडवली नाहीत. दाणा टाकतात आणि खाली येतात."

"हवा वाईट होती."

"हवा चांगली होती, हाजी. सगळ्या टेकडीची कबुतरं वर होती. तुमचीच तेवढी घरात."

मग अबू रातिब. "चार वेळा अर्धा अर्धा किलो बिस्किटं. यांना ती खाता येत नाहीत, दात कवळीचे. दर वेळी एकच प्रश्न, 'शनिवारपर्यंत ताजी राहतील ना?' चौथ्या वेळी मी विचारलं, कोणत्या शनिवारपर्यंत? तर माझ्यावर चिडले."

हे असलं सांगायचं असतं का? माणसाच्या खिशात हात घालून चिंध्या टेबलावर मांडाव्यात तसं मला वाटलं. मान वर करवेना.

 मग दारामागून ती म्हणाली, "मितवल्ली, तुला घरी जाऊन किती वर्षं झाली रे बाळा?"

"तीन, हाज्जा."

"आणि इथे येऊन दुसऱ्याच्या साक्षी देतोस."

मितवल्ली खाली बसला. हसला नाही, हे माझ्या लक्षात आलं.

"दोघांनी सांगितलं ते ऐकलं," ती म्हणाली. "आता ज्याचं आहे त्याचं तोंड उघडू दे."

अबू तैसीरने पेन उचललं. "बोल. तुला कुणावाचून करमत नाही? नावासकट."

"उम्म नायेफवाचून."

"ती नायेफची आई झाली. माझ्या बहिणीला नाव आहे. आमच्या वडिलांनी ठेवलेलं."

"तुझी बहीण, तुला माहीत आहे."

"मला आहे. वहीला नाही."

दोन परके पुरुष बसलेले. निकाहाच्या वेळी मी ते नाव ऐकलं होतं, त्यानंतर चारचौघांत कधी उच्चारलेलं नाही. कुठल्याच भल्या माणसाने बायकोचं नाव असं उच्चारलेलं मी पाहिलं नाही.  घसा कोरडा पडला. समोर प्याला होता, मी उचलला आणि एका दमात पिऊन टाकला.

प्याला खाली ठेवल्यावर मला कळलं, मी काय केलं.

अबू तैसीरने वही मिटली. "कॉफी प्यालास," तो म्हणाला. "म्हणजे तुझं काही मागणं उरलं नाही. चला."

दार आतून लागलं. हळू लागलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दाब मोजला नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज चंद्र दिसेल असं सगळे म्हणतात. दुपारी अबू रातिब कंदील टांगत होता. म्हणाला, उद्या रोजा सोडायला माझ्याकडे या, शेजारी. मितवल्लीनेही तेच सांगितलं, खालून वर येऊन. त्याच्या खोलीत दुसरा माणूस बसायला जागा नाही. दोघांना नाही म्हणालो.

मग अड्ड्यावर गेलो. आज जुन्या ड्रायव्हरांना भेटायला गेलो नव्हतो, हे इथे लिहून ठेवतो.

रमजानच्या खरेदीची झुंबड होती. चारची गाडी पावणेपाचला आली. माणसं, पिशव्या, खजुरांची खोकी, आणि सगळ्यांत शेवटी ती. काळा चष्मा लावलेला. मी गाडीच्या दाराशी होतो, पण मधे इतकी माणसं होती की ती मला न बघता उलट दिशेला, टॅक्सीकडे चालायला लागली. मी हात केला. दिसला नाही. चष्म्यातून काय दिसणार?

हाक मारायला तोंड उघडलं आणि निघाली ती गच्चीवरची शीळ. लांब, दोन वळणांची, कबुतरं उतरवायची. अड्ड्याच्या छपरावरची सगळी पाखरं भर्रकन उठली. लोक हसायला लागले. ती थांबली नाही.

अबू जरीर माझ्यामागे वीस वर्षं गाडी लावायचा, तो खिडकीतून म्हणाला, "कुणाला उतरवतोयस रे?"

ती टॅक्सीच्या दारापर्यंत पोचली होती.

मग मी ओरडलो. "रस्मिया." एकदा नाही, दोनदा. अड्डा काही गप्प झाला नाही, अड्डे गप्प होत नसतात. पण अबू जरीरचं तोंड उघडं राहिलं, आणि कोथिंबीर विकणारी एक बाई वळली, तिचंही तेच नाव असणार. आणि मग ती वळली. गर्दीतून सावकाश माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"डोळा गेला होता माझा, अबू नायेफ," ती म्हणाली. "कान नव्हे."

मी पिशवी घेतली.

"इथे काय करताय?"

"जुन्या ड्रायव्हरांना भेटायला आलो होतो."

"भेटले?"

"भेटले."

"मी मितवल्लीसाठी आले," ती म्हणाली. "त्याला पहिल्या रोज्याला कोण वाढणार होतं? तुमच्यासाठी नव्हे." मग ओढणीखालून किल्ली काढली आणि माझ्या खिशात टाकली. तिच्याच बटव्यात होती, इर्बिदला जाऊन आली, सल्तलाही जाऊन आली. मी म्हणालो, आता कुलूपच नाही. ती म्हणाली, माहीत आहे.

टॅक्सीत बसल्यावर तिने बिस्किटं कुठे ठेवलीत ते विचारलं.

१ मार्च, शनिवार

पहिला रोजा. मसुराचं सार, काकडीचं दही, बिस्किटं. मितवल्लीने तीन वाट्या सार घेतलं आणि जेवण झाल्यावर तिने त्याला फोन लावून दिला, म्हणाली, आज अंगणात नको, इथे बसून बोल. तो बोललाच नाही, नुसता फोन कानाला लावून बसला. सगळे शब्द संपले असतील.

मी गच्चीवर जाऊन आलो. शक्रा टाकीवर बसली होती. काही बोललो नाही. खाली कपडे धुण्याचा आवाज येत होता.

दाब १३४ आणि ८२. तीन दिवस गोळी घ्यायला विसरलो आहे, तरी. यंत्र बिघडलेलं दिसतं. सोमवारी दुरुस्तीला टाकतो.